जोडीने एक दिवस वारीत : पुणे ते सासवड टप्प्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संपूर्ण आषाढी वारीसाठी अडीच-तीन आठवडे काढता येत नाहीत, पण एक दिवस तरी माऊलींच्या पालखीबरोबर चालावे आणि ते दोघांनी मिळून चालावे, असे वाटणारी अनेक जोडपी दरवर्षी ज्येष्ठ महिन्याच्या सुरुवातीला प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या उत्तरात येत असेल, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एकच दिवस चालायचे असेल तर कोणता टप्पा निवडावा?

पुणे परिसरातील बहुतेक जोडपी दोन टप्प्यांचा विचार करतात : आळंदी ते पुणे, किंवा पुणे ते सासवड. पहिला टप्पा तुलनेने सपाट आहे, परंतु त्याचा बराच भाग शहरातून जातो आणि बघ्यांची गर्दी चालणाऱ्यांपेक्षा अधिक असते. पुणे ते सासवड हा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा सोहळ्यातील मोठ्या टप्प्यांपैकी एक असून त्यात दिवे घाटाची चढण आहे. तरीही पूर्ण दिवसाची चाल, शहर मागे पडताना जाणवणारा फरक आणि घाटातील दृश्य यांमुळे दोघांचीही प्रकृती चांगली असल्यास आम्ही हाच टप्पा सुचवतो, आणि पुढील उत्तरे मुख्यतः त्यालाच धरून आहेत. कमी अंतर हवे असेल, तर सासवड ते जेजुरी हा सुमारे सोळा किलोमीटरचा टप्पा उत्तम आहे. नव्याने लग्न झालेल्यांना तो विशेष आवडतो, कारण जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला जातो तो सोहळाही पाहता येतो आणि नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढण्याची रीतही उरकता येते. अर्थात सोळा किलोमीटर चालून आल्यावर ती रीत पाळायची की पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

2. हा दिवस नेमका कोणत्या तारखेला येतो?

तारीख इंग्रजी महिन्यावर नव्हे, तिथीवर ठरते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखीचे प्रस्थान होते, दुसऱ्या दिवशी पालखी पुण्यात येते, तेथे दोन रात्री मुक्काम होतो आणि त्यानंतरच्या पहाटे ती सासवडकडे निघते. त्यानुसार 2024 साली हा दिवस 2 जुलैला, तर 2025 साली 22 जूनला आला. अधिक मासाच्या वर्षी तारीख बरीच पुढे सरकू शकते. 2026 साली ज्येष्ठच अधिक आल्याने वारी जुलैत जाते. तिथीच्या क्षयवृद्धीमुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून रजा टाकण्यापूर्वी आळंदी देवस्थानाने त्या वर्षी जाहीर केलेले वेळापत्रक पाहावे.

3. नावनोंदणी करावी लागते का? पैसे भरावे लागतात का?

एका दिवसासाठी यातले काहीही करावे लागत नाही. पूर्ण वारी करणारे वारकरी एखाद्या दिंडीत नाव घालतात आणि जेवणखाण, तंबू, सामानाचा ट्रक यांसाठी दिंडीकडे भिशी भरतात. एक दिवस चालणारे बहुतेक जण दिंडीबाहेरच्या मोकळ्या समाजातून चालतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. ओळखीच्या दिंडीतून चालायचे असेल, तर दिंडीप्रमुखांना आधी कळवावे. जेवणाची पंगत मोजून मांडलेली असते, आयत्या वेळी दोन माणसे वाढली तरी ते नाही म्हणणार नाहीत, पण म्हणूनच आधी सांगावे.

4. दिंडीत नवरा-बायकोला शेजारी शेजारी चालता येते का?

सर्वांत अधिक वेळा आलेला प्रश्न हा आहे, आणि त्याचे सरळ उत्तर असे की शिस्तीच्या दिंडीत बहुधा येत नाही. दिंडीची रचना ठरलेली असते. सर्वांत पुढे भगव्या पताका, त्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग, मग विणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा हंडा घेतलेल्या व इतर स्त्रिया. नवरा टाळ घेऊन चौथ्या रांगेत आणि बायको तुळशीवाल्यांच्या मागे, असे दोघांमध्ये पन्नास-साठ माणसांचे अंतर सहज पडते. दोघेही एकाच अभंगाच्या चालीवर चालत असतात, पण एकमेकांना दिसत नाहीत.

पिढ्यान्‌पिढ्या जोडीने वारी करणारी शेतकरी जोडपी याकडे गैरसोय म्हणून पाहत नाहीत. त्यांची भेट विसाव्याला होते : तो पाण्याची बाटली भरून आणतो, ती पिशवीतली भाकरी सोडते, दहा-पंधरा मिनिटांत घरची चार कामे बोलून होतात आणि पुन्हा दोघे आपापल्या जागी जातात. मुक्कामाच्या तंबूतही अनेक दिंड्यांमध्ये स्त्रियांची आणि पुरुषांची झोपण्याची व्यवस्था वेगळी असते. तेव्हा 'जोडीने वारी' या शब्दांतून हातात हात घालून केलेल्या फेरफटक्याचे चित्र डोळ्यांसमोर आले असेल, तर ते आधीच बाजूला ठेवलेले बरे.

दिवसभर शेजारीच चालायचे असेल, तर मोकळ्या समाजातून, म्हणजे दिंड्यांच्या बाहेरच्या कडेने चालावे. आमच्या मते मधला मार्ग अधिक चांगला आहे. हडपसरपर्यंत एकत्र चालावे, तेथून उरुळी देवाचीपर्यंतचा भाग आपापल्या आवडीच्या दिंडीमागे अभंग ऐकत चालावा आणि घाटापूर्वी वडकी नाल्याजवळ पुन्हा भेटावे. ज्यांनी असे केले, त्यांच्याकडे घाट चढताना एकमेकांना सांगण्यासारखे काहीतरी असते.

5. आमच्या दोघांच्या चालण्याच्या वेगात बराच फरक आहे. काय करावे?

पालखीचा वेग ठरवणारे आपण नसतो, ही त्यातली सोय आहे. रथ, बैल आणि शेकडो दिंड्या एकामागे एक असल्याने रांग कधी थबकते, कधी अचानक भरभर पुढे सरकते. वेगाने चालणाऱ्यालाही त्यामुळे सतत थांबावे लागते. खरी अडचण दुपारी येते, जेव्हा एकाचे पाय बोलू लागलेले असतात आणि दुसऱ्याचा उत्साह टिकून असतो. अशा वेळी वेगवान जोडीदाराने पुढे जाऊन वाट पाहण्याऐवजी मागून चालावे. पुढे गेलेला माणूस दर पाच मिनिटांनी वळून पाहतो, ते मागच्याला टोचते, आणि तीस किलोमीटरच्या वाटेवर भांडणाला तेवढे कारण पुरते. वेगातील फरक फारच मोठा असेल, तर प्रश्न 4 मध्ये सांगितल्याप्रमाणे वेगळे चालून विसाव्याला भेटणे दोघांनाही सुखाचे होते.

6. गर्दीत चुकामूक झाली तर एकमेकांना शोधायचे कसे?

मोबाइलवर भिस्त ठेवू नये. लाखो लोक एका रस्त्यावर असताना, विशेषतः हडपसर आणि दिवे घाट येथे, फोन लागत नाहीत आणि संदेश तासाभराने पोहोचतात. निघण्यापूर्वी भेटीची ठिकाणे क्रमाने ठरवून कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवावीत. वानवडीची शिंदे छत्री, हडपसर, उरुळी देवाची, वडकी नाला, घाट चढून गेल्यावर झेंडेवाडी आणि शेवटी सासवडला संत सोपानदेवांचे समाधिमंदिर, हा क्रम सोयीचा आहे, कारण यांतील बहुतेक ठिकाणी पालखीचा विसावा असतो आणि ती कोणालाही विचारली तरी सापडतात. मात्र 'हडपसरला भेटू' एवढे पुरेसे नाही. कोणत्या चौकात, रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि किती वेळ थांबायचे, हेही ठरवावे. ठरलेल्या वेळेत दुसरा आला नाही, तर पहिल्याने पुढच्या ठिकाणाकडे निघावे. मागे फिरून शोधायला जाऊ नये, कारण येणाऱ्या लोंढ्याविरुद्ध चालणे अशक्य असते आणि दोघे एकमेकांना ओलांडून जाण्याची शक्यता वाढते.

हाक मारण्याविषयी एक सूचना. गर्दीत 'अहो' अशी हाक मारली, तर पाच-पन्नास पुरुष वळून पाहतात, आणि 'माऊली' म्हटले तर सगळेच. सासूबाईंसमोर नवऱ्याचे नाव घेत नसाल, तरी त्या दिवसापुरते ते घ्यावे.

वडकीच्या गर्दीत एक आजी-आजोबा पाहिले होते. आजींच्या नऊवारीचा पदर आणि आजोबांच्या उपरण्याचे टोक यांची घट्ट गाठ मारलेली, आणि आजोबा पुढे, आजी मागे. दृश्य लोभस होते, पण त्याचे अनुकरण करू नये. रेटा आला की एकाबरोबर दुसराही पडतो. त्या आजोबांचे उपरणे दोनदा गळ्याला आवळल्यावर शेजारच्या बाईंनीच ती गाठ सोडवली.

एखादी व्यक्ती अखेरपर्यंत सापडली नाही, तर वाटेवरील पोलिस मदत केंद्रात सांगावे. सासवडच्या तळावर संध्याकाळी समाजआरती, म्हणजे सर्व दिंड्यांची एकत्र आरती होते. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो आणि हरवल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती तेथे पुकारली जाते. वाटेत पिशवी किंवा चष्मा हरवला असेल, तर ही आरती चुकवू नये.

7. वाटेत जेवणाची सोय असते का? उपवास करावा लागतो का?

सासवडकडे निघण्याचा दिवस बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे योगिनी एकादशी असतो. त्यामुळे वाटेवर ठिकठिकाणी मंडळे, सोसायट्या आणि गावकरी जे वाटप करतात, त्यात साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि चहा यांचाच भरणा असतो. उपवासाची सक्ती कोणी करत नाही, पण पोळीभाजी हवी असेल तर घरून डबा न्यावा. पहिल्यांदा येणारे लोक सकाळी आठपर्यंतच तीन ठिकाणची खिचडी खातात आणि दुपारी घाटात त्याचा पश्चात्ताप करतात. साबुदाणा पोटाला जड पडतो; केळी, लाडू आणि मीठ-साखरेचे पाणी यांवर दिवस अधिक हलका जातो. दोघांनी एकच द्रोण घ्यावा, संपला तर दुसरा घेता येतो. अर्धवट खाऊन टाकलेल्या द्रोणांवरून मागचे अनवाणी वारकरी चालत असतात, हे लक्षात ठेवावे.

8. पायात काय घालावे आणि बरोबर काय घ्यावे?

नवीन बूट घालू नयेत. महिनाभर वापरलेली, पट्ट्यांची, पाणी निथळून जाईल अशी सँडल सर्वांत बरी. बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून निघावे आणि विसाव्याला पाय पुसून पुन्हा लावावे. दोघांत मिळून एकच पाठपिशवी आळीपाळीने घेणे वाचायला छान वाटते, परंतु चुकामूक झाली की एकाकडे सर्व काही आणि दुसऱ्याकडे काहीच नाही अशी स्थिती होते. म्हणून प्रत्येकाची छोटी पिशवी वेगळी असावी आणि प्रत्येकीत पाणी, थोडे पैसे, ओळखपत्र, टोपी, स्वतःची औषधे व प्लॅस्टिकचा कागद असावा. गर्दीत छत्री उघडली की तिच्या काड्या शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून वारकरी डोक्यावरून कागदच घेतात.

9. दिवे घाट खरोखर किती अवघड आहे?

घाटाची चढण साधारण चार-पाच किलोमीटरची आहे. रस्ता डांबरी व रुंद आहे आणि एखादा डोंगर चढण्याचा अनुभव असलेल्याला ती अवघड वाटू नये. अवघड असते ती वेळ. पायाखाली वीस किलोमीटर झालेले असतात, दुपार कलू लागलेली असते, आणि पाऊस नसेल तर डांबराची धग खालून लागते. रथाला येथे जादा बैलजोड्या जुंपतात आणि पालखी वळणे घेत वर येते. खाली वडकीच्या बाजूला मस्तानी तलाव दिसतो आणि त्याच्या अलीकडे वळणावळणाने पताका. हे पाहण्यासाठी लोक कठड्यावर चढतात. तसे करू नये, कठड्यापलीकडे उतार तीव्र आहे.

दम लागला तर रस्त्याच्या कडेला या, मगच थांबा. रांगेच्या मध्ये अचानक थांबलेल्या जोडप्यामुळे मागे किती माणसे अडखळतात, हे थांबणाऱ्यांना दिसत नाही. घाटात वारकरी फुगडी घालतात, आणि पन्नाशी-साठीच्या बायका तुमच्या बायकोला हात देऊन ओढतात, तर टाळकरी तुम्हाला. त्या वेळी 'गुडघे दुखतात' हे कारण चालते, 'येत नाही' हे चालत नाही.

10. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय कशी असते? पाळी आली असेल तर चालावे का?

मुक्कामाच्या तळांवर आणि मार्गावर फिरती शौचालये उभी केलेली असतात, तरी दुपारनंतर त्यांची स्थिती सारखी राहत नाही. हडपसरपर्यंत पेट्रोल पंप, शाळा आणि सोसायट्या सोय करून देतात. घाटात मात्र काही नाही, म्हणून वडकीला थांबूनच पुढे निघावे. स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणी कमी पिण्याची सवय अनेक स्त्रियांना असते आणि घाटात चक्कर येण्याचे ते नेहमीचे कारण आहे. रांगेत उभे राहताना नवऱ्याने पिशवी धरून बाहेर थांबावे, ही मदत छोटी नाही.

पाळीच्या काळात चालण्याला दिंडीबाहेर कोणी विचारतही नाही, आणि पूर्ण वारी करणाऱ्या असंख्य स्त्रियांचे ते दिवस वारीतच येतात. त्या चालत राहतात. पादुकांचे दर्शन घ्यायचे की नाही, हा निर्णय त्या त्या स्त्रीचा आहे; सोबत आलेल्या नवऱ्याचा किंवा घरी राहिलेल्या सासूबाईंचा नव्हे.

11. गरोदरपण, गुडघेदुखी किंवा लहान मूल असेल तर?

गरोदर स्त्रीने हा टप्पा चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंतरापेक्षा गर्दीतील धक्के आणि वाहन आत न येणे ही त्याची कारणे आहेत. तिने पुण्यातील मुक्कामात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात दर्शन घ्यावे. गुडघेदुखी असलेल्यांनी हडपसरपर्यंत चालून परत फिरावे, किंवा प्रश्न 1 मधील जेजुरीचा टप्पा निवडावा. चालून येणारे मूल आणावे, कडेवरचे आणू नये. मूल आणलेच, तर त्याच्या खिशात दोघांच्या दूरध्वनी क्रमांकांची चिठ्ठी असावी आणि प्रश्न 4 मधील वेगळे चालण्याचा सल्ला त्या दिवशी बाजूला ठेवावा.

12. आमच्यापैकी एकाचीच श्रद्धा आहे. दुसऱ्याने येणे योग्य आहे का?

असे प्रश्न बहुतेक वेळा श्रद्धा असलेला जोडीदारच पाठवतो. वारीत चालण्यासाठी कोणाच्या गळ्यात माळ आहे का, हे पाहिले जात नाही. माळ घालणे म्हणजे मांसाहार आणि मद्य सोडणे व एकादशी पाळणे, ही स्वतंत्र आणि आयुष्यभराची गोष्ट आहे. एका दिवसाच्या चालण्याशी तिचा संबंध नाही. श्रद्धा नसलेल्याने टाळ्या वाजवाव्यात, नाव घ्यावे अशी अपेक्षा श्रद्धा असलेल्याने ठेवू नये, आणि न मानणाऱ्यानेही वाटेत अंधश्रद्धेवर व्याख्यान देऊ नये. अशा जोडप्यातील न मानणारा जोडीदार अनेकदा अभंगांचाच अधिक बारकाईने श्रोता निघतो. सकाळचा काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, मग हरिपाठ असा अभंगांचा क्रम चालताना उलगडत जातो आणि तो समजून घेण्यासाठी मानण्याची गरज पडत नाही.

13. आमचे लग्न झालेले नाही. कोणी विचारेल का?

एखाद्या आजी नक्की विचारतील. 'लग्न केव्हा?' एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. दिवसभर चालण्यात अडचण येत नाही. सासवडला मुक्काम करणार असाल, तर दिंडीच्या तंबूत झोपण्याची व्यवस्था वेगवेगळी असेल, जी लग्न झालेल्यांनाही लागू आहे (प्रश्न 4).

14. वारकरी आमच्या पाया पडतात तेव्हा काय करावे? आम्ही एकमेकांच्याही पडावे का?

समोरचा वाकला की आपणही वाकावे, एवढाच नियम आहे. येथे वय, जात आणि नाते पाहून कोणी वाकत नाही. पंचाहत्तरीचे आजोबा विशीतल्या मुलीला 'माऊली' म्हणून नमस्कार करतात आणि तिने संकोचून मागे सरणे त्यांना अवघड वाटते. त्याच रीतीने बायको नवऱ्याच्या पाया पडत असेल, तर नवऱ्यानेही तिच्या पडावे. घरी हे सहसा घडत नाही, म्हणून पहिल्यांदा करताना दोघांनाही हसू येते. त्यात गैर काही नाही.

15. फोटो काढलेले चालतात का?

कडेला उभे राहून काढावेत. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात : विणेकरी आणि टाळकरी यांच्यामधून आडवे जाणे, आणि जोडीच्या फोटोसाठी एखाद्या तुळशीवालीचे वृंदावन मागून घेऊन डोक्यावर ठेवणे. ती नाही म्हणत नाही. पण ते तिने व्रत म्हणून घरून आणलेले असते, फोटोसाठी नव्हे.

16. सासवडहून रात्री परत कसे यायचे?

पालखी सासवडला पोहोचते तोपर्यंत संध्याकाळ होते. दिवे घाट वाहनांसाठी बंद असल्याने पुण्याकडे येणाऱ्या बसगाड्या सहसा बोपदेव घाटमार्गे सोडल्या जातात आणि त्यांना मोठी गर्दी असते. स्वतःची गाडी आदल्या दिवशी सासवडला नेऊन ठेवणारे लोक तळाजवळ ठेवतात आणि मध्यरात्रीपर्यंत अडकून पडतात. ठेवायचीच तर गावाच्या बोपदेवकडील बाजूला ठेवावी. समाजआरतीनंतर (प्रश्न 6) लगेच निघण्याऐवजी तासभर बसून, पाय गरम पाण्यात घालून निघालेले चांगले. वाहतुकीतील बदल दरवर्षी पोलिस जाहीर करतात, ते आदल्या दिवशी पाहावेत.

17. आषाढीच्या शासकीय महापूजेत एका वारकरी दांपत्याला मान मिळतो. त्यासाठी अर्ज कुठे करावा?

अर्ज नसतो. मुख्यमंत्री आणि त्यांच्या पत्नी यांच्याबरोबर पूजेला बसण्याचा मान पंढरपूरच्या दर्शनरांगेत उभ्या असलेल्या वारकऱ्यांमधून दिला जातो. एक दिवस चालण्याशी, किंवा कोणत्या पालखीबरोबर आलात याच्याशी, त्याचा संबंध नाही.

18. माझे माहेर तुकोबांच्या पालखीबरोबर चालते आणि सासर माऊलींच्या. आम्ही जोडीने कोणाबरोबर चालावे?

दोन्ही पालख्या पुण्यातून एकाच दिवशी निघतात. नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरातून तुकोबांची आणि भवानी पेठेतून माऊलींची. हडपसरपर्यंत दोन्हींचा मार्ग एकच आहे, त्यामुळे तेथपर्यंत प्रश्नच उद्भवत नाही. हडपसरहून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामी जाते आणि माऊलींची पालखी सासवडकडे वळते. लोणीचा मार्ग कमी अंतराचा असून त्यात घाट नाही. दोघांनी एकाच पालखीबरोबर जायचे असेल, तर एका वर्षी लोणी आणि पुढच्या वर्षी सासवड असा क्रम काही घरांनी लावला आहे. दोघेही आपापल्या पालखीचा आग्रह सोडत नसतील, तर हडपसरला वेगळे व्हावे आणि रात्री घरी भेटावे. लोणीहून परतणारी व्यक्ती आधी पोहोचणार हे निश्चित असल्याने घराची किल्ली तिच्याकडे द्यावी.